हात थांबतात तिथे

४ नोव्हेंबर १९८७

आज डॉक्टर फणसळकर एक्स्चेंजवर आले आणि माझी ड्युटी सुटेपर्यंत बाकावर बसून राहिले. मला वाटलं, मुंबईचा ट्रंक कॉल लागला नाही म्हणून भांडायला आलेत. पण काम वेगळंच निघालं. ह्यांचं सागरतीर आरोग्य मंडळ जीपमधून टीव्ही आणि व्हीसीआर नेऊन गावोगाव आरोग्याच्या कॅसेटी दाखवतं. आता मुंबईच्या कुणा पाहुण्याने त्यांच्या डोक्यात भरवलंय की बहिऱ्या लोकांसाठी चित्राच्या कोपऱ्यात खुणा करणारी बाई पाहिजे.

"तुमचे बंधू मुके आहेत ना? तुम्हाला ते हातवारे येतात असं कळलं."

मुके म्हणे. गोपूला ऐकू येत नाही, एवढंच. छापखान्यात खिळे जुळवतो, डॉक्टरांच्या मंडळाची निमंत्रणपत्रिका त्यानेच जुळवली आहे आणि त्यातली 'आरोग्य'ची चूकही त्यानेच काढली. तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

खरं म्हणजे ह्या कामाचा मला लहानपणापासून वीट आलाय. वाणी, कंडक्टर, डॉक्टर, सगळ्यांशी गोपूचं तोंड म्हणजे मी. दिवसभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे आवाज एकमेकांना जोडायचे, घरी आले की परत तेच. अडतिसावं लागलं, स्वतःचं बोलणं बोलायला म्हणून ही वही घेतली.

तरी हो म्हटलं. मालनमुळे म्हटलं.

मालन गोपूची बायको. तिलाही ऐकू येत नाही, दोघं एकाच शाळेतली. देवरूखकडच्या शेतकऱ्याची मुलगी. आईने नाक मुरडलं होतं, पण गोपूला आपल्यातली कोण देणार, म्हणून गप्प बसली. गेल्या वर्षी मालनचा पहिला मुलगा जुलाबाने गेला. जुलाब होतायत म्हणून मालनने पाणी तोडलं, सगळ्या बायका तोडतात तसं. दवाखान्यातला डॉक्टर येऊन मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणून सांगून गेला, पण ते सांगितलं आईला. आईला वाटलं मालनला समजलं. मी ड्युटीवर होते.

आता तिची मुलगी राही सात महिन्यांची आहे. मालनला कॅसेटींचं सांगितलं तर तिने माझा हात धरला आणि एकच खूण दोनदा केली. जुलाबाची आधी.

९ नोव्हेंबर

आत्माराम व्हिडिओवाल्याकडे पहिलं शूटिंग. लग्नं काढतो हा. दुकान कसलं, माळा आहे पत्र्याखाली. भिंतीला निळा पडदा, त्यावर झेंडूच्या माळा तशाच लटकवलेल्या, वाळून काळ्या झालेल्या. मला बघूनच शिसारी आली.

पद्धत अशी: टेबलावर टीव्ही ठेवायचा, त्यावर कॅसेट लावायची, मी बाजूला उभी राहायचं आणि आत्माराम टीव्ही नि मी असं दोन्ही कॅमेऱ्यात घेणार. चुकलं की कॅसेट मागे नेऊन पुन्हा. दुपारपर्यंत साडी अंगाला चिकटली. त्यात मालन राहीला घेऊन आली होती, तिला घटकाभर माझ्या मांडीवर दिलं आणि त्या कार्टीने नेमकी माझ्या इंदुरी साडीवर शू केली. मी अशी ओरडले की आत्मारामच्या हातातून कॅमेऱ्याचं झाकण पडलं. मालन हसत होती. तिला कुठे ऐकू आलं.

काम कसं करायचं ते मात्र मालननेच ठरवलं. जुलाबाच्या कॅसेटीत नर्स पाणी तयार करते: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, मग बरणीतलं मीठ तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं, मग डब्यातली साखर मूठभर. मी मिठाची खूण केली तर मालनने माझा हात खाली केला. म्हणाली (म्हणजे हातांनी, पण मी आता सगळीकडे म्हणालीच लिहिणार), ही खूण आमच्या शाळेची. शाळेत न गेलेल्या बायकांची मिठाची खूण प्रत्येक घरची वेगळी. तू मिठाची खूण करू नको, साखरेची करू नको. बरणी दिसली की बोट दाखव आणि थांब. लोक बरणी बघतील. मग तुझ्याकडे बघतील. तेव्हा चिमूट दाखव. परत डबा दिसला की बोट, थांब, मग मूठ.

मी विचारलं, एवढं थांबायचं कशाला?

डोळे दोनच आहेत, म्हणाली. तुझे हात बघू का बरणी बघू?

गोष्ट बरोबर होती. पण हे सगळं ती मला शाळामास्तरणीसारखं शिकवत होती, त्याचा राग आला. तिसाव्या वर्षापासून नव्हे, तिसऱ्या वर्षापासून खुणा करतेय मी.

१६ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं झाली, आता माणसांची सुरू. आत्मारामची रोजची वरात. आज दाढी न करता, डोळ्यांत झोप घेऊन आला आणि म्हणाला, "उमाताई, ह्या चालीने आठ कॅसेटी पुढच्या दिवाळीला होतील. पाहुणे तर एकोणतीस तारखेला येतायत."

त्याने मुंबईहून एक यंत्र आणलंय, एका चित्रात दुसरं चित्र कोपऱ्यात चिकटवणारं. आता टीव्हीशेजारी उभं राहायला नको. त्या दिवशी अर्धवट राहिलेली जुलाबाचीही ह्याच पद्धतीने पुन्हा करायची. मी समोर टीव्ही बघत निळ्या पडद्यापुढे नुसते हात करायचे, तो ते वेगळे टिपून घेणार आणि मागाहून आपल्या सवडीने प्रत्येक कॅसेटीच्या कोपऱ्यात चिकटवणार. दिवसात दोन-तीन कार्यक्रम उरकतात. हे मला पसंत पडलं. एक तर त्या पत्र्याखाली कमी वेळ.

"आणि ताई, मध्ये मध्ये तुमचे हात थांबतात ना, तेवढं मी उडवतो. नुसती बाई उभी दिसली तर पाहुण्यांना वाटेल कॅसेट अडकली. शिवाय आठही कार्यक्रमांचे हात माझ्या एका टेपात बसतात."

"मग शेवटी कमी नाही पडणार?"

"पडलं तर तुमचा नमस्कार गोठवून ठेवतो. छान दिसतो तो. लग्नात नवरा-नवरीचा ठेवतो तसाच."

मी म्हटलं, करा काय ते. पाय दुखत होते आणि संध्याकाळची ड्युटी डोक्यावर होती.

२२ नोव्हेंबर

आठही झाले. शेवटच्या दोन कार्यक्रमांत हात असे आखडले की घरी येऊन भाकरी मोडवेना. मालन रोज विचारते, थांबलीस ना? बरोबर थांबलीस? मी म्हटलं, थांबले बाई, थांबले. आणि मी थांबलेच होते, ह्यात खोटं काही नाही.

केळशीला तिची मैत्रीण आहे, चिमा. शाळेतली. तीही बहिरी, नवरा मुंबईला, घरी सासू आणि आठ-नऊ महिन्यांचं पोर. ही कॅसेट केळशीला कधी जाणार म्हणून मालनने माझं डोकं खाल्लं. डॉक्टरांना विचारून सांगितलं, डिसेंबरच्या सुरुवातीला. तर ही भर अंगणात राहीला घेऊन नाचली. आई म्हणाली, "काय गो हे, शेजारी बघतायत." मलाही तेच वाटत होतं.

२९ नोव्हेंबर

आजचा दिवस विसरायचा आहे, म्हणून लिहून टाकते.

मंडळाच्या हॉलमध्ये समारंभ. हार, नारळ, पाहुण्यांचं भाषण. भाषणात 'आपले मूकबधिर बांधव' हे इतक्या वेळा आलं की मोजायचं सोडून दिलं, आणि बांधव म्हणजे गोपू नि मालन शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. फणसळकरांच्या मिशा अत्तर लावल्यासारख्या चमकत होत्या. मला एक शाल दिली. तिला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

मग जुलाबाची कॅसेट लावली. स्वतःला कोपऱ्यात बघणं म्हणजे शिक्षा. केस विस्कटलेले, हात भराभरा चाललेले, मी कुठे एवढ्या घाईने केलं होतं कोण जाणे. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी नर्स बोलतच होती आणि मी कोपऱ्यात नमस्कार करून गोठलेली, बराच वेळ. पाहुणे म्हणाले, "किती नम्र."

एवढ्यात मालन उठली. सरळ पुढे आली, टीव्हीपाशी जाऊन काचेवर बोट ठोकायला लागली. माझ्याकडे वळून: मीठ. मूठ. नाही. नाही. मीठ, मूठ, नाही. चेहरा लाल, तोंडातून तो घशातला आवाज. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, पाहुण्यांबरोबर आलेली एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी एसटीत गोपू आवाज करायचा तेव्हा व्हायचं, अगदी तस्सं.

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतायत ह्या?"

मी म्हटलं, "आवडलं म्हणतेय. थोडं सावकाश हवं होतं म्हणते."

"वा वा," डॉक्टर म्हणाले, आणि पाहुण्यांनी तिला एक फूल दिलं. मालनने ते फूल हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला ओठ वाचता येतात थोडेफार. मी तिला खूण केली: नंतर, घरी. बायकांना स्वयंपाकघरातलंच दिसतं मेलं, मीठ काय नि साखर काय. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात हेच सापडलं हिला.

घरी आल्यावर तिने पाठ फिरवली. डोळेच वळवले की तिच्याशी बोलणं बंद. दार लावून घेतल्यासारखं असतं ते.

१ डिसेंबर

दोन दिवस पाठ. आज ड्युटीवरून आले तर मालन चुलीपाशी माझी वाट बघत होती. पुढ्यात तांब्या, मिठाची बरणी, साखरेचा डबा. मला समोर बसवलं. गोपू दारात उभा.

तिने बरणीवर बोट ठेवलं. मग माझी नक्कल केली, कोपऱ्यातल्या माझी. तस्सेच घाईघाईचे हात, मान थोडी वाकडी. बरणी पुढे आणि हाताची मूठ. मग तिने बरणीत हात घालून खरंच मूठभर मीठ काढलं आणि तांब्यात टाकलं. मग डब्याकडे वळली, तर तोवर कोपऱ्यातली मी पुढे गेलेली, म्हणून साखरेला काहीच नाही. ढवळलं. तांब्या माझ्या तोंडाशी धरला.

पी.

मी म्हटलं, खुळी आहेस का.

पी. तू सांगितलंस.

मी प्यायले. एक घोट. पोटातून सगळं उलटून आलं, मोरीपर्यंत पोचले नाही. दुपारचा भात, ताक, सगळं जमिनीवर. नाकातोंडातून खारट. मालनने माझं डोकं धरलं नाही, पदर दिला नाही, नुसती बघत उभी राहिली. ओकता ओकता मला लख्ख समजलं. मी थांबले होते. आत्मारामने माझं थांबणं कापून टाकलं. हात चित्राच्या पुढे पळाले. पडद्यावर मिठाची बरणी आहे तेव्हा मी मूठ दाखवतेय.

आणि हे ती मला हॉलमध्ये सांगत होती.

अजून तोंड खारटच आहे. चूळ भरून भरून घसा सोलला.

२ डिसेंबर

सकाळीच फणसळकरांकडे गेले. नीट समजावून सांगितलं. पोहे खात होते. खाता खाता म्हणाले, "उमाताई, नर्स तोंडाने व्यवस्थित सांगतेय ना?"

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?"

"अहो, किती असतील असे? आणि इतक्या बारकाईनं कोण बघतं? कॅसेटी तालुक्यांना गेल्या. आता परत मागवल्या तर पाहुण्यांना काय सांगू? पुढच्या वर्षी सुधारू."

मिशीला पोह्यातलं ओलं खोबरं लागलं होतं. मी त्या खोबऱ्याकडे बघत उभी राहिले. इतकी किळस मला त्या खारट पाण्याचीही आली नव्हती.

आत्मारामकडे गेले. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला. "ताई, मला वाटलं हात थांबले म्हणजे तुम्ही विसरलात पुढचं. तुमची अब्रू वाचवली मी." ह्याला काय बोलायचं. ह्याला मीच सांगितलं होतं, करा काय ते.

३ डिसेंबर

आज केलं ते लिहू की नको असं झालंय. लिहिते.

दुपारच्या ड्युटीला बसले. बोर्डावर दिवे लागत होते, हा लांज्याचा, तो चिपळूणचा. मी पहिला कॉल देवरूखला लावला, मंडळाच्या केंद्राला. आवाज जरा जाड करून म्हटलं, "सागरतीर मंडळाकडून बोलतेय. डॉक्टरांचा निरोप आहे. जुलाबाची कॅसेट लावू नका, टेपला बुरशी आलीय. मशीन खराब होईल."

बुरशीवर कोण शंका घेणार. आपल्याकडे चपलेला येते. पलीकडचा माणूस लगेच म्हणाला, "हो हो बाई, काढून ठेवतो, नवीन मशीन आहे आमचं."

मग संगमेश्वर. मग राजापूर, गुहागर, खेड. एकेक करून जिथे जिथे कॅसेट गेली तिथे. मधल्या मध्ये डॉक्टरांचा स्वतःचा मुंबईचा कॉल बोर्डावर आला, पाहुण्यांसाठी. मी गोड आवाजात म्हटलं, "डॉक्टर, लाइन बिझी आहे, रांगेत ठेवते." आणि ठेवला रांगेत. वीस वर्षं ह्या खुर्चीत बसून मी एक कॉल मुद्दाम अडवला नव्हता. आज अडवला आणि मला बरं वाटलं.

शेवटी दापोली. तिथली ऑपरेटर विमला. तिला मी कधी पाहिलेली नाही, पण आवाजाने इतकी वर्षं ओळखते. तिला खरं काय ते सांगितलं. ती दापोलीच्या केंद्राला स्वतः कळवते म्हणाली. मग म्हणाली, "पण केळशीचं काय करशील गो? लाइन सोमवारपासून मेली आहे. जीप तर काल सकाळीच गेली तिकडे."

मागे सुपरवायझर काशीराम जाधव उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. म्हणाले, "उमाबाई, हेडफोन काढा." मी काढला. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं, आवाज चढवला नाही. चौकशी होईपर्यंत ड्युटी नाही.

घरी येऊन गोपूला आणि मालनला सांगितलं. मालनने पिशवी आधीच भरून ठेवली होती.

५ डिसेंबर, केळशी

काल पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. राहीला आईकडे ठेवलं. दापोलीला गाडी बदलून केळशीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. उतरल्याबरोबर वाळत घातलेल्या मासळीचा वास, आंब्याच्या बागांतून खारा वारा. मला मासळीचा वास सहन होत नाही. नाकाला पदर लावला होता तो मालनने खेचून खाली काढला. म्हणाली, लोकांना तुझं तोंड दिसू दे, तू बोलणारी आहेस.

चिमाचं घर शाळेच्या मागे. ओटीवर सासू बसली होती. म्हणाली, "परवा रात्रीच दाखवली हो ती कॅसेट, शाळेत. पोराचं पोट दोन दिस बिघडलंच होतं. ही बघून धावत घरी आली नि केलंन पाणी. एक घोट घातलान पोराला, तर भडाभडा ओकला. हिने चाखून बघितलान नि तांब्या फेकलान अंगणात. तेव्हापासनं पाण्याचा थेंब घालूक देत नाय त्याला. मी घालूक गेले तर माझ्या अंगावर येता."

"नर्स? डॉक्टर?"

"नर्स दापोलीक गेली. डॉक्टर बुधवारी येतो."

आत गेलो. चिमा कोपऱ्यात पोराला छातीशी धरून बसली होती. पोराचे डोळे आत गेलेले, टाळू खोल, ओठ कोरडे. रडत नव्हतं. मालनला बघून चिमाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग तिची नजर माझ्यावर आली. घटकाभर बघत राहिली. मग तिने हवेत एक चौकोन काढला, छोटा, कोपऱ्यातला, आणि माझ्याकडे बोट केलं.

तीच ती.

आणि जमिनीवर थुंकली. माझ्या पायापासून वीतभर.

मी आयुष्यात किती जणांचा मनातल्या मनात तिटकारा केला असेल, पण कुणी माझा असा तोंडावर केलेला नव्हता. मी खुणा करायला हात उचलले, ती डोळे मिटून बसली. डोळे मिटले की संपलं.

पोराला दापोलीला न्यायला जीप मिळते का बघायला गोपू बाहेर गेला. मालनने मला उंबऱ्यापाशी ढकललं आणि स्वतः चुलीपाशी बसली. तांब्याभर पाणी उकळून गार केलं. मग बरणी चिमासमोर आणली. बरणीला हात लावून थांबली. चिमाने बरणी बघितली, मग मालनकडे बघितलं. तीन बोटांची चिमूट. मग डबा. थांबली. मग मूठ. ढवळलं. स्वतः चाखलं. मग तिने बोट स्वतःच्या डोळ्याखाली लावलं, गाल ओला होताच, ते बोट जिभेला लावलं, आणि पाण्यात बुडवून परत जिभेला. ह्याच्यापेक्षा खारट नको. आसवाएवढं चालेल, जास्त नको.

हे कॅसेटीत नव्हतं. नर्सनेही सांगितलं नव्हतं. चिमाने स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावलं, चाखलं, पाणी चाखलं आणि मान हलवली.

मग चमचा चमचा. पहिले दोन ओकला. मालन थांबली, परत घातला. चिमा घालायची, मालन घालायची. सासू देवाजवळ दिवा लावून आली. मी उंबऱ्यावर. मला काही काम नव्हतं. बोलायला कुणी नव्हतं, आणि ज्या बोलत होत्या त्यांना माझी गरज नव्हती. मासळीचा वास कधी जाणवेनासा झाला ते समजलं नाही.

दिवेलागणीनंतर चिमाला चमचा धरवेना. मालन ताजं पाणी करायला उठली. पोराला कुणाकडे द्यायचं. मालनने माझ्याकडे बघितलं, चिमाने माझ्याकडे बघितलं. मग चिमाने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि चमचा हातात दिला, आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मी जो चमचा उचलत होते तो ती आधी स्वतःच्या जिभेला लावून बघत होती. प्रत्येक चमचा.

किती वेळाने माहीत नाही, मांडीला ऊन ऊन लागलं. आधी मला समजलंच नाही. मग साडीतून खाली जमिनीवर ओघळ गेला. पोराने शू केली होती. दिवसभरात पहिली. सासू म्हणाली, "सुटली गो बाय, सुटली," आणि रडायलाच लागली. मालनने ओल्या जमिनीवर हात ठेवून तो हात चिमाच्या गालाला लावला. मी हलले नाही. साडी भिजली होती, थंड होत गेली, तरी तशीच बसून राहिले, कारण हलले असते तर ते झोपलेलं पोर उठलं असतं.

आज सकाळी जीप मिळाली. दापोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाणी गेलं म्हणून हाती लागलं.

१७ डिसेंबर

चौकशी झाली. एक वेतनवाढ बंद, पण नोकरी राहिली. जाधवांनी साहेबांना काय सांगितलं देव जाणे. आईने नोकरीसाठी नवस बोलला होता, म्हणते फेड. फेडीन.

फणसळकरांना बुरशीची हकिकत समजली तेव्हा आधी लाल झाले. मग केळशीची समजली. मग एकदम मऊ. मंडळाचं नाव कुठे येऊ नये म्हणून कॅसेट पुन्हा करणार आहेत. पाहुण्यांना 'सुधारित आवृत्ती' म्हणून सांगणार. माणूस कसा स्वतःला चकचकीत ठेवतो ते बघून घ्यावं.

१० जानेवारी १९८८

आज नवीन कॅसेट डॉक्टरांना दाखवली. जुन्याच पद्धतीने काढली, टीव्ही टेबलावर आणि बाजूला माणूस. वेळ लागला. आत्मारामने एका लग्नाचं काम सोडलं, सारखं विचारत होता, "हात थांबलेत, पुढे जाऊ?" आणि स्वतःच म्हणत होता, "नको, नको, थांबतो." टीव्हीशेजारी मी नाही, मालन उभी आहे. शेवटी ती डोळ्याखाली बोट लावून जिभेला लावते, आणि मग नर्स बोलत असेपर्यंत बरणीकडे बोट करून शांत उभी राहते. नमस्कार नाही.

कॅसेट संपली. डॉक्टर खूश. माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तम. आता ह्यांचं काय म्हणणं आहे? ह्यांना आवडली का?"

मी मालनला विचारलं. ती डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. मी तिच्या हातांच्या मागोमाग बोलत गेले, जसं एक्स्चेंजमध्ये कुणाचा निरोप वाचून दाखवते तसं, माझं काही न घालता.

"ही कॅसेट चांगली आहे. बाकीच्या सातही पुन्हा नव्याने करायच्या. तुम्ही बोलता तेव्हा मिशीत ओठ दिसत नाहीत, मिशी कापा."

डॉक्टरांनी मिशीला हात लावला. आत्माराम खाली बघायला लागला.

मग मालनचे हात जरा थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, मी सांगेन की नाही ते बघत होती. मग तिने उरलेलं सांगितलं.

"मागच्या वेळी हॉलमध्ये मी तुम्हाला सांगत होते की मिठाला मूठ दाखवली आहे, पोरं मरतील. उमाताईने तुम्हाला सांगितलं की मला आवडली. उमाताई खोटं बोलली."

मी ते तसंच, तिच्याच शब्दांत, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून मोठ्याने सांगितलं. आवाज फुटला मधे, म्हणून शेवटचं वाक्य पुन्हा नीट म्हटलं. मालन माझे ओठ बघत होती. संपल्यावर तिने मान हलवली, आणि आम्ही दोघी घरी राहीकडे गेलो.